साठ ग्रॅम

पहाटे चारला गॅरेजचं शटर अर्धंच उचलते.
थंडी वाकून आत येते, माझ्यासारखीच.
रॅकवर चार मजले जांभळट दिवे.
यशोधन म्हणतो, शेजाऱ्यांना भलताच संशय येत असेल.
एकदा क्लिफर्ड आलाच, हात पाठीमागे बांधून;
मुळ्याचे चार कोंब चावले, नाक पुसलं,
म्हणाला, हे कायदेशीर आहे ना?

आधी वाटायचं, पेरलं की उगवतं.
पहिले सात ट्रे सडले.
बी दाट पडलं की देठांचा दम कोंडतो,
पाणी वरून घातलं की लोळण घेतात.
पांढरी लव दिसली की हात थबकतो:
बुरशी, की मुळांचे केस?
फवारा मारायचा. विरली तर मूळ.
नाही विरली तर सगळा ट्रे खताच्या पिंपात
आणि वहीत लाल शाईनं साडेआठ पौंड.

वाटाणा रात्रभर भिजवते. तुळस कोरडीच, नाहीतर बुळबुळते.
धणे चपलेनं रगडायची सवय होती,
कौन्सिलच्या तपासनीस बाई येणार कळल्यावर
लाटणं विकत घेतलं.

मग तीन दिवस काळोख, आणि वर विटा.
वजनाखाली मूळ खाली शिरतं,
आणि चौथ्या दिवशी सगळे मिळून वीट उचलतात.
तराजूवर टाकून पाहिली एकदा:
वीट, दोन किलो सातशे.
बी होतं दीडशे ग्रॅम.

ग्रेगरच्या रेस्टॉरंटला पाच सेंटिमीटर हवेत,
खरं पान फुटायच्या आत.
पहिली दोन पानं खरी नसतात,
ती बियाण्यानं बांधून दिलेली शिदोरी.
मी शिदोरीच विकते.
सुरी हातात असताना याचा विचार करायचा नाही.

ऑक्टोबरात एक ट्रे विसरले. गहू,
जिन्याखाली, काळ्या झाकणाखाली.
नवव्या दिवशी सापडला: लांब, लुकडा, पिवळाधमक.
विकायच्या लायकीचा नाही.
पण तो रंग माझ्या ओळखीचा,
घटाभोवतीच्या मातीत, देवघराच्या कोपऱ्यात
उजेडावाचून वाढलेला.
फोनवर तारीख पाहिली. उद्या दसरा.

कापला नाही. उपटला, मातीसकट.
एक झुबका यशोधनच्या लोकरी टोपीत खोवला
(तो व्हॅनची काच खरवडत होता, हललाही नाही),
एक माझ्या कानामागे.

स्किप्टनच्या बाजारात, ओल्या फरशांवर टेबल मांडलं.
डब्यावर साठ ग्रॅम लिहिते, भरते त्रेसष्ट.
मिस हॅटी दर शनिवारी मोहरी नेतात,
आजारपणात गेलेली चव
तिच्या तिखटानंच परत आली म्हणतात.
आज मोहरीकडे बघेचनात.
कानाकडे बोट करून विचारलं,
ते पिवळं काय भाव?

मी सवयीनं तराजूकडे पाहिलं.
मग म्हटलं,
जरा वाकता का?
तुमची टोपी उंच आहे.