तिबोला, चाकूबद्दल

तिबो,
तू दिलेल्या कागदावर सात रकाने होते.
पहिल्याच आठवड्यात तो भिजून लगदा झाला,
म्हणून हे चीजच्या वेष्टनाच्या पाठीवर.
महिना झाला. चाकू खिशात आहे.

वजन जाणवतं.
जुन्याचं जाणवत नसे,
आहे की नाही ते मांडीवर थाप मारून बघावं लागे.
हा चढावर सारखा सांगत राहतो, मी आहे, मी आहे,
नव्या जावयासारखा.

एका अंगठ्याने उघडतो.
‘हे मला पसंत नाही’ असं आधी लिहिलं होतं.
चाकू दोन हातांनी उघडावा,
तेवढ्या वेळात माणूस एकदा तरी विचार करतो.
ते खोडलेलं दिसेल तुला. का खोडलं, ते पुढे.

खटका घट्ट.
फळीत खुपसून डावी-उजवीकडे रेटून पाहिलं,
पातं हललं नाही.
(हमीत हे बसत नसेल, तर वाचलं नाहीस असं समज.)

पावाला मात्र नालायक.
पाठ जाड, कुऱ्हाडीच्या जातीची;
तोम चीज कापत नाही, फोडतो.
ओदिलने आपला तुकडा उजेडात धरला,
म्हणाली, उंदराने उष्टावलंय का हे?
सफरचंदाला लोखंडाची चव येत नाही
हे आल्बेरव्हीलच्या दुकानात तुम्ही गुण म्हणून सांगता.
मला ती चव लागते.
चव्वेचाळीस वर्षं लागली आहे.

माझा तुला ठाऊकच आहे, पहिल्या पगाराचा,
बीचच्या लाकडाची मूठ,
पातं आता वाळुंजाच्या पानाएवढं उरलेलं.
घासून घासून झिजलं ते गेलं कुठे?
थोडं दगडावर,
बाकीचं मीच खाल्लं असणार, पावाबरोबर, कणाकणाने.
एवढं पोलाद पोटात घेऊन
दुसऱ्याला गुण द्यायचे म्हणजे
आपल्याच पोराच्या कुस्तीत पंच व्हायचं.

मग सोळा तारीख.
तीन दिवस पाऊस, चौथ्या दिवशी धुकं.
वरच्या कुरणात घंटा ऐकू येतात, गाय एकही दिसत नाही.
त्यातली एक घंटा नीट वाजेना.
एकाच जागी, घाईघाईने,
कुणी दार ठोठावावं तशी.

मिर्तीयचं वासरू.
गठ्ठे बांधायची नायलॉनची सुतळी गळ्यात,
दुसरं टोक कुंपणाच्या खुंटाला,
पाय उतारावर सुटलेले, जीभ बाहेर, निळी.

हात आधी जुन्याकडे गेला.
मूठ पावसाने फुगलेली,
पातं आत रुतलं ते रुतलं.
मुठीचं टोक दगडावर ठोकलं, एकदा, दोनदा.
आमच्या सावोआत सगळे असंच सोडवतात,
मी हजारदा सोडवलंय.
तिसऱ्यांदा ठोकलं नाही.
डाव्या हाताने वासराचं डोकं उचलून धरलं,
उजव्या अंगठ्याने तुझा.
टक्.

सुतळी एका ओढीत गेली.
वासरू माझ्या अंगावर कोसळलं, खोकलं,
आणि मलाच लाथ मारून पळालं.

तर लिही: ओले हात, धुकं, एकच हात मोकळा,
उत्तम.
पावाला वाईट, हेही लिही, गाळू नकोस.
हमी आयुष्यभराची, असं डबीवर आहे.
कुणाच्या आयुष्याची ते नाही.
मी एकसष्ट.

बिजागरीत एक तांबूस केस अडकलाय.
सुईने निघेल. काढलेला नाही.
त्यासाठी कागदात रकाना होता का,
आठवत नाही.

जुना चुलीवरच्या फळीवर वाळत होता.
परवा त्याचं पातं सहज बाहेर आलं,
कुणी न ठोकता, जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं अवघडून.
रात्रीचा पाव त्यानेच कापला.

शनिवारी वर येशील तर मिठाची दोन पोती आण,
आणि बारीक दाण्याचा दगड.
हो, तुझ्या चाकूची क्लिप खिशाचं कापड खाते.
तेही लिही.

ओनोरीन