गार इंजिन

जुनी गाडी बघायला गेलात की
आधी इंजिनाला हात लावा, शमसुद्दीन म्हणाला होता.
गरम लागलं तर समजा,
तुम्ही यायच्या आधी कोणीतरी तालीम घेतलीय.

मी हात लावला.
कोमट होतं, झाकून ठेवलेल्या वरणासारखं.
"उन्हात उभी होती ना," उपळेकर म्हणाले.
नाना पेठेतल्या त्या बोळात
ऊन होतं फक्त वर, विजेच्या तारांवर.

पण टाकी!
पिकल्या कोकमाचा रंग, बाजूंना क्रोम,
आणि क्रोममध्ये मी,
अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट आत घेतलेला.
एका किकमध्ये चालू झाली.
बोळ निळा झाला धुरानं
आणि बयाण्याचे पाच हजार
खिशातून कधी निघाले
माझे मलाच कळलं नाही.

रविवारी शमसुद्दीन आला, पाना न घेताच.
फ्रेमच्या मानेशी नखानं खरवडलं:
मरून, खाली काळा, त्याखाली हिरवा,
मग लांबी,
आणि लांबीखाली एक आकडा.
आठाच्या पोटात अजून दिसत होता
बुजवलेला तीन.

"साहेब, ही एक गाडी नाही.
हे एकत्र कुटुंब आहे.
इंजिन एका घरचं, चासी दुसऱ्या घरची,
चाकं तर सोयरिकीत आलेली."
आणि कागद त्यानं उजेडात धरला
पाचशेची नोट धरतात तसा.

कागदावर नाव: सुमंत उजागरे, घोरपडी.
जाऊन एकोणीस वर्षं झालेली.
त्यानंतर गाडी चार हातांतून फिरली
कोऱ्या फॉर्मांवर,
आणि सरकारदरबारी उजागरेच अजून ती चालवत होते.
"वारसाची सही तुम्हीच आणा," उपळेकर म्हणाले,
"दोन हजार कमी करतो."

मार्थाबाई उजागरेंनी दार उघडलं,
ऐकून घेतलं, आत गेल्या,
बायबलमधून दोन नोटिसा काढून आणल्या.
डेक्कनला सिग्नल तोडल्याची एक.
दुसरी, विनाहेल्मेट, हडपसर.
"वारल्यापासून फार उडाणटप्पू झालेत हो,"
त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, चालू करा जरा.

इंजिन गार होतं.
एक, दोन, सहा,
शेजारची मुलं मोजायला लागली,
अकराव्या किकला माझी चप्पल उडाली,
चौदाव्याला ती खोकून उठली.
बाई मान कलती करून ऐकत राहिल्या,
तांदळातला खडा शोधावा तशा.

"टाकी आमची.
हा पोचा थेऊरच्या रस्त्यावरचा, म्हैस आडवी आली होती,
मी मागे बसले होते, मांडीवर फणस.
आवाज मात्र परक्याचा आहे."
आणि पेन माझ्या हातात परत दिलं,
टोपण लावून.

उपळेकरांना विचारलं, बयाणा?
"परत देईन असं कुठे लिहिलंय?"
कुठेच नव्हतं.
शेवटी म्हटलं, मग टाकी द्या.
त्यांनी ती सोडवून दिली,
उरलेलं पेट्रोल बाटलीत ओतून घेतलं.

रिक्षातून मी टाकी घोरपडीला नेली.
मार्थाबाई म्हणाल्या, मी काय करू हिचं?
गॅलरीत कुंड्या आहेत.
पोच्यावरून एकदा अंगठा फिरवला,
आणि परत येताना मला
वाटेत खायला दोन नानकटाया दिल्या.

आता ती माझ्याकडे आहे, शू-रॅकवर.
बायको म्हणते, घरात पंपाचा वास येतो.
येतो.

काल शमसुद्दीनचा फोन आला.
खडकीला एक आहे, चौऱ्याहत्तरची,
एकाच हातातली, कागद स्वच्छ,
आकडे त्यानं स्वतः घासून पाहिलेत.
भीतभीतच विचारलं, सगळं ओरिजिनल?

"सगळं," तो म्हणाला.
"फक्त टाकी नाही."