एम बाराची ओळ

जालना एमआयडीसी, शेड नंबर एकोणीस.
माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय एक तक्ता.
डावीकडे टॅप, उजवीकडे ड्रिल.
एम सहाला पाच.
एम आठला सहा पॉइंट आठ.
एम दहाला साडेआठ.
मग तेलाचा डाग, बशीएवढा.
डागाखाली एम बारा.

पेटी गौसभाईंची. रिटायर झाले त्या दिवशी
पान्यांसकट माझ्यापुढे सरकवली.
"दैवशाला, यात सगळं आहे."
सगळं नव्हतं.
कोपऱ्यात पेन्सिलीनं उर्दूत दोन ओळी होत्या,
मला वाटलं, तेच असेल.

मी अंदाजानं दहाचं ड्रिल मारलं.
टॅप अर्ध्यावर गेला, आवळला,
कट्‌ करून आतच तुटला.
सुपरवायझर काही बोलले नाहीत.
जॉब उचलून उन्हात नेला, भोकात डोकावले,
आडात बादली पडल्यावर डोकावतात तसे.

हँडबुक आहे ऑफिसात, चांगलं जाडजूड.
ते कपाटात, कपाटाची किल्ली अकाउंटंटकडे,
अकाउंटंट अंबडला, साखरपुड्याला.
मोबाइल गेटवर जमा.
वॉचमनच्या फोनवरून लावला नंबर.

पलीकडे भांडी, लेकरं, कुकरची शिट्टी.
"दहा पॉइंट दोन," हॅलोच्या आधीच.
"अर्धा आटा पुढं, पाव मागं. घाई नको.
बीड असलं तर तेल घालू नको, कोरडंच चालव."
मग स्वतःशीच हसले, "तसंही बीड कोरडंच."

एम बाराच विचारणार, हे कसं कळलं?
"बाकीचं दिसतंय की, बेटा."
आणि ते उर्दूतलं?
"तो चहाचा हिशोब. नऊ रुपये राहिलेत कँटीनचे."
डाग?
"मला मिळाला तेव्हापासून आहे.
माझाबी टॅप तुटलाच होता."

संध्याकाळी मार्करनं लिहून बघितलं.
तेलावर शाई धरत नाही.
शेवटी खिळा घेतला, कागदाशेजारच्या पत्र्यावर
कोरलं: १०.२
दोन जरा वाकडा आलाय.

परतूरच्या आयटीआयचा एक पोरगा आलाय काल,
सारखा झाकण उघडून बघतो, विचारत नाही.
सोळाची ओळ पुसट व्हायला लागलीय.
चौदा, रे. चौदा.