टंच

लॅपटॉप विट्याला आणला तेव्हा
त्याच्या एका बिजागरीला फेविक्विक होतं.
सांगलीच्या दुकानदारानं चौदा हजार मोजून घेतले
आणि म्हणाला, पंखा तेवढा ओरडतो, बाकी झकास.
आमच्या मागच्या भिंतीपलीकडं बारा यंत्रमाग.
ओरडू दे म्हटलं.

पहिल्या आठवड्यात पडद्यावर दोन शब्द उमटले:
नमस्कार अप्पा.
फोटो पाठवला त्रिशूरला, गलाईच्या दुकानात.
उलटा आला फक्त अंगठा,
पिवळा.
अप्पांचा खरा अंगठाही पिवळाच आहे,
तेजाबानं.

मग लाल ओळी.
एक कंस मिटायचा राहिला, त्यात माझे तीन दिवस गेले.
मुबीना शिकलगार माझ्या वर्षभर आधीपासून शिकत होती;
ती म्हणाली, लाल ओळ शेवटपर्यंत वाच की गं,
शिवी नाही ती, पत्ता आहे.

वीज गेली की माग गप्प, पंखा गप्प,
आणि मी आईच्या जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या बाजूवर
बटणं काढायची: हे दाबलं की तिकडं जाईल,
ते दाबलं की इकडं परत.
आई वाकून बघायची.
किती येरझाऱ्या घालायला लावतीस माणसाला?
दोन पानं कमी केली.

दीड वर्षानं विश्रामबागला मुलाखत.
दुसरा मजला, खाली रसवंतीची घुंगरं.
साहेबांनी विचारलं, स्वतःचं काय बनवलंय?
म्हटलं, टंच.
ते म्हणाले, हां, टच.
नाही सर, वर टिंब आहे.
सोन्यात सोनं किती, ते त्या टिंबात असतं.

नोकरी लागली.
एसटीचा पास, गळ्यात ओळखपत्र;
ते घालून आरशापुढं उभी राहिले एकदा,
खोटं कशाला सांगू.

श्रावणात एका रात्री अप्पांचा फोन.
जेवलीस का नाही, पाऊस हाय का नाही, एकदम:
तुझ्या आपात सोनं सांडतंय.
मी हसले.
मग नाही हसले.
काटा तीन घरं दाखवतो, पोरी, तू दोनच धरलीस.
तिसऱ्या घरातलं सोनं
कुणाच्या घरात गेलं?

सातवी शिकलेला माणूस.
दुकानात गेला तेव्हा पहिली दोन वर्षं
मुशीला हात लावू दिला नव्हता त्याला,
नुसता केर काढायचा.
गलाईतला केर टाकत नाहीत.
धुतात, जाळतात, राख पुन्हा वितळवतात.
उंबऱ्यातलं पाय पुसायचं पोतं
ते सुद्धा दिवाळीआधी भट्टीत जातं
आणि तळाशी काहीतरी बारीक
चमकतं.

त्या रात्री मी माझाच कोड झाडत बसले.
जिथं जिथं ‘चालतंय की’ म्हणून पुढं गेले होते
ते सगळे कोपरे.
पाच ठिकाणी सांडलेलं सापडलं.
तिसरं घर उघडलं,
पहाटे भोंगा झाला तेव्हा नवी आवृत्ती चढवली.
‘नवीन काय’ या रकान्यात
सगळे लिहितात तेच लिहिलं:
किरकोळ दुरुस्ती.

दोनशे सहा फोनांत होतं ते तोवर.
नकाशावर ठिपके दिसायचे, सेलम, कटक, सिलिगुडी,
एक तर थेट दिब्रुगडला.
सगळे आमच्याच तालुक्यातले, भट्टीपुढं बसलेले.
गावाची शीव कुठवर आहे
ते मला तेव्हा दिसलं.

तासाभरात अप्पांचं उत्तर.
या वेळी अंगठा नाही.
एका बोटानं लिहिलेलं, वेलांटी चुकवून:
कीरकोळ खोड.

आधी वाटलं, समजूत घालतायत,
एवढीशी तर खोड होती म्हणून.
चहा ओतेपर्यंत कळलं,
शब्द खोडायला सांगतायत.

खोडला.