नवव्या मजल्यावरची जमीन

दराकेपर्यंत बस जाते, तेहरानचीच,
आणि तिथे धापा टाकत वळते.
पुढे नुसता चढ, ओढ्याचा आवाज,
भिंतीवरच्या निळ्या पत्र्यावर गल्लीचा नंबर.

ड्रायव्हरला विचारलं होतं, गाव कुठाय?
कुठलं गाव, म्हणाला, हे शहरच.

कडेला मिठाच्या पाण्याच्या बरणीत
सोललेले अक्रोड घेऊन बसलेल्या
म्हाताऱ्या यदुल्लाला मेहरनूशनं विचारलं,
शहर कुठाय?
त्यानं हनुवटीनं खाली दाखवलं.
दोन थांबे मागे.
पेन्शनच्या दिवशी जातो शहरात. कोट घालून.

मग तिला फोन आला,
ती रेंज शोधत चढावर गेली.
आम्ही दोघं उरलो, मध्ये बरणी.

त्याची भाषा मला येत नाही.
पण तिच्यातले पुष्कळ शब्द
कधीकाळी घोड्यांवर बसून आमच्याकडे आले
आणि परत जायचे राहून गेले.
तेच एकेक काढून ठेवले त्याच्यापुढे:
बाग. दरवाजा. कागद.
तो प्रत्येक शब्द जणू कानाशी नेऊन
हलवून बघायचा, आत गर आहे का,
उच्चाराला हसायचा आणि ठेवून घ्यायचा.

मी म्हटलं, जमीन?
त्यानं हात वर केला.
मला वाटलं, देवाकडे.
बोट मजले मोजत गेलं समोरच्या इमारतीचे
आणि थांबलं नवव्यावर,
जिथे एक चादर वाळत होती.

मेहरनूश परतल्यावर कळलं बाकीचं:
बिल्डरनं खालची माती घेतली,
वर दोन खोल्या दिल्या.
सहा तुती होत्या तिथे.
पाण्याची पाळी मंगळवारी, रात्री दोनला.
अजून मंगळवारी त्याला दोनला जाग येते.
उठतो, नळ सोडतो,
थोडा वेळ ऐकतो
आणि बंद करतो.

चार अक्रोडांचा एक वाटा.
पाचवा त्यानं वर घातला.
मी हट्टानं एक हिरव्या सालीचा मागून घेतला
आणि त्याच्यासारखाच नखांनी सोलला.

रात्री हॉटेलच्या बेसिनपाशी
साबणाची वडी संपली, बोटं काळी ती काळीच.
सकाळी चहा ठेवताना
वाढणाऱ्या बाईचं लक्ष गेलं त्यांच्याकडे.
कप सरळ करत तिनं विचारलं,
वर जाऊन आलात वाटतं,
गावात?