शून्य रुंदीचं अक्षर

भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात, पहिल्या मजल्यावर,
खिडकी क्रमांक चारच्या मागे माझं टेबल.
कंत्राटी आहे. अकरा महिन्यांचं.
ड्रॉवर नाही, म्हणून डबा सीपीयूवर ठेवतो,
पोळ्या कोमट राहतात.

चांगुणाबाई कुऱ्हाडे सोमवारी तिसऱ्यांदा आल्या.
नवरा केरबा, पाणी खात्यात चावीवाला.
एकतीस वर्षं, पहाटे साडेतीनला
रस्त्यातलं झाकण उचलून, लांब लोखंडी चावी घालून
पाणी वळवायचा: आधी टेंभीपाडा, मग तुळशेतपाडा.
फेब्रुवारीत गेला.
पेन्शनच्या अर्जावर लाल पट्टी येते,
नाव जुळत नाही.

मी दोन्ही नावं शेजारी शेजारी लावली.
सेवापुस्तकातलं: कुर्‍हाडे.
बँकेतलं: कुऱ्हाडे.
चष्मा पुसला. चारशे टक्के मोठं करून पाहिलं.
उकार, काना, मात्रा, सगळं जिथल्या तिथे.
साहेब म्हणाले, ॲफिडेव्हिट आणायला सांगा
की कुऱ्हाडे आणि कुऱ्हाडे ही एकच व्यक्ती.
चांगुणाबाई म्हणाल्या, बरं.
त्यांचं हे ‘बरं’ घेऊन मी दिवसभर बसलो.

सात वाजता मजला रिकामा झाला.
काळी खिडकी उघडली, आत फक्त लुकलुकणारी रेघ.
हेक्सडम्प, एक मोकळी जागा, फाइलचं नाव.
एंटर.
झाकण निघालं.

ओळीत सोळा, पुन्हा ओळीत सोळा,
जोडीजोडीने उभे आकडे,
नऊच्या पुढे आकडे संपले म्हणून
भरतीला घेतलेली ए, बी, सी, डी, ई, एफ.
उजवीकडे, जिथे इंग्रजी असतं तर इंग्रजी दिसलं असतं,
तिथे आपल्या भाषेची नुसती टिंबं.
टिंब टिंब टिंब.
एकेका अक्षराला तीन घरं लागतात.
पहिल्यात ई-शून्य, दुसऱ्यात ए-चार नाहीतर ए-पाच,
ही खानदानाची;
स्वतःचं म्हणावं असं फक्त तिसरं.

बोट ठेवून वाचत गेलो, मोठ्याने,
गणपतीतल्या हाउजीला पुकारतात तसं.
क. दोन्हीकडे सारखा. उकार. सारखा.
मग इकडे बी-शून्य,
तिकडे बी-एक.

इकडे साधा र. तिकडे पोटाखाली टिंब असलेला ऱ.
आणि इकडे, र चा पाय मोडल्यावर, आणखी एक जण:
ई-दोन, आठ-शून्य, आठ-डी.
रुंदी नाही, उच्चार नाही, छापायला शाई लागत नाही.
र आणि ह यांच्या मध्ये उभा राहून
तो एवढंच बजावतो,
याला पुढच्याच्या डोक्यावर चढू देऊ नका,
इथेच वाकू द्या, पापणीसारखा.

कुणीतरी कधीतरी जुन्या कीबोर्डवर सेवापुस्तक टंकलं.
तिनं बरोबर लिहिलं होतं.
बँकेतल्यानेही बरोबरच लिहिलं.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,
चौथीत फळ्यावरून उतरवून घेतलं होतं आम्ही.
खडूला दोन प्रकारचा ऱ येत नव्हता.

दुरुस्तीचा अधिकार मला नाही.
साहेबांचा पासवर्ड मॉनिटरच्या बुडाशी चिकटवलेला आहे,
त्यांच्याच अक्षरात.
नऊ घरं पुसली, सहा भरली.
फाइल तीन घरांनी हलकी झाली.
खाली हनुमान नगरच्या बाजूला कुणाची तरी मोटर सुरू झाली,
पाणी आलं असावं.

गुरुवारी पट्टी हिरवी.
काय चुकलं होतं हो, बाईंनी विचारलं.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
त्यांनी पदराच्या टोकाने काच पुसली,
रात्रशाळेत शिकलेलं वाचन,
एकेक अक्षर ओठांवर घेत शेवटपर्यंत गेल्या.
“आधीपण असंच होतं की.”

मग सहीसाठी पेन मागितलं.
माझं उमटेना.
त्यांनी पिशवीतून स्वतःचं काढलं.