चार जादा

सत्तर लागलं मला, त्या दिवशी
बागवानांची तरन्नुम पेढे घेऊन नाही आली,
वहीचं पान घेऊन आली.
गणेशखिंडीला एम.एस्सी. करते, गणितात.
म्हणाली, गेणूकाका, तुमचा आकडा विक्षिप्त आहे.
मी म्हणालो, पुण्यात राहून तेवढं चालायचंच.

ती हसली नाही.
पुस्तकातलाच शब्द आहे, म्हणाली.
सत्तरला भाग जाणारे, सत्तरहून लहान, सात :
एक, दोन, पाच, सात, दहा, चौदा, पस्तीस.
बेरीज चौऱ्याहत्तर. म्हणजे माल भरपूर.
आता ह्यातले हवे ते निवडा
आणि बरोब्बर सत्तर भरून दाखवा.

अडतीस वर्षं मार्केट यार्डात काटा धरला मी.
गुळाची ढेप नुसती उचलून
पावशेराचा फरक सांगायचो,
आणि ही पोर मला सत्तर शिकवणार.

रात्री कांद्याची बाचकी भरली.
सात, चौदा, पस्तीसची वजनं सरकारनं
कधी पाडलीच नाहीत, म्हणून कांदे.
चिठ्ठ्या खोचल्या.
जुना काटा पत्र्याखालच्या अँगलला टांगला,
एका पारड्यात पन्नास अन् वीस, शिक्क्याची,
दुसऱ्यात सगळी बाचकी.
पारडं टेकलं. चार जादा.
काढ मग चार.
एक अन् दोन उचलले तर तीनच जातात.
पाच उचललं की एक कमी पडतो.
चारचं बाचकं नाहीच.
पस्तीस बाजूला ठेवून पाहिलं, उगाच,
हट्टानं.

साठ किती गुणी होता!
तीस, वीस, दहा : मिटला हिशोब.
साठी बुद्धी नाठी म्हणोत लोक,
मी तर साठीत कुणाच्याही वाटणीत बसायचो,
थोरल्याकडे सहा महिने, लेकीकडे चार,
उरलेले दोन सासवडला बहिणीकडे.
आता जाईन तिथं
चार जादाच होतो.
एक खोकला, एक रेडिओ,
पहाटे चारला उठून भांडी वाजवणं,
आणि एक काहीतरी, जे मलाही नीट सांगता येत नाही.

तरन्नुम म्हणते, सत्तरच्या आधी असा कुणीच नाही.
बाकीच्यांचे भाजक पुरत तरी नाहीत,
नाहीतर पुरतात आणि जुळतातही.
पुरून उरायचं आणि जुळायचं मात्र नाही
हे पहिल्यांदा सत्तरलाच जमलं.

पानाच्या मागे तिनं मोसंब्यांचा ढीग काढलाय.
वर एक, खाली चार, त्याखाली नऊ, मग सोळा,
तिचा बाप गाळ्यावर रचतो तसा.
चोवीस थर झाले की चार हजार नऊशे.
उतरवून जमिनीवर मांडा,
सत्तर रांगा, रांगेत सत्तर, एक उरत नाही.
नुसतं एकुलतं मोसंबं सोडलं तर
असा नेमका चौरस होणारा ढीग हा एवढाच,
कुणी कितीही उंच रचो.
बागवान म्हणाला, चोवीस थर रचले
तर खालच्यांचा रस होईल.

मी ते ऐकून बराच वेळ गप्प होतो.

चार माणसांत बसत जा, म्हणतो थोरला.
चार घास जास्त खा, म्हणते लेक.
चार खांद्यांचं कुणी बोलत नाही, पण तेही आहेच.
आणि माझ्यातून चार तेवढे निघत नाहीत.

सकाळी एकच्या बाचक्यातले दोन कांदे
तरन्नुमच्या आईला भजीसाठी दिले.
पारडं बोटभर वर आलं.
आकडा मोडला.
पोरीला सांगितलं नाही.